हिमोफिलियाच्या पॅनेलमध्ये दोष सापडला नाही. त्याच डेटामधून एल-वनचा शिरकाव शोधता येईल का?

तापीकाठ, जळगाव

सर्वांना नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात जैवतंत्रज्ञान विषयात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा प्रकल्प मानवी जीनोममधील चल जनुकीय घटकांवर, म्हणजे वर्गात ज्यांना आपण ‘उड्या मारणारी जनुके’ म्हणतो त्यांच्यावर आहे. पुस्तकातला भाग मला ठाऊक आहे. बार्बरा मॅक्लिंटॉक यांना मक्यातील अशा घटकांच्या शोधासाठी १९८३ साली नोबेल मिळाले. मानवी जीनोमचा सुमारे ४५ टक्के भाग अशा घटकांपासून बनलेला आहे, त्यांत एल-वन या स्वतःची नकल करून पसरणाऱ्या घटकाच्या पाच लाखांच्या आसपास आणि अलू या त्याच्याच यंत्रणेवर पसरणाऱ्या लहान घटकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती आहेत, आणि त्यांतील जवळजवळ सगळ्या आता निर्जीव असल्या तरी प्रत्येक माणसात साधारण ८० ते १०० एल-वन अजून उडी मारू शकतात.

अडचण पुढे आहे. माझ्या मार्गदर्शकांनी मला गंभीर हिमोफिलिया ए (फॅक्टर आठ या प्रथिनाच्या अभावी रक्त नीट न गोठण्याचा आजार; त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते) असलेल्या तीन मुलांचा, नावे काढून टाकलेला आणि पालकांच्या संमतीने घेतलेला पॅनेलचा, म्हणजे ठराविक जनुकांचेच सिक्वेन्सिंग करणाऱ्या चाचणीचा, डेटा दिला आहे. तिघांच्याही अहवालात ‘रोगकारक बदल आढळला नाही’ असे लिहिले आहे. आता यात एल-वन किंवा अलू शिरले आहे का, हे लक्ष्यित सिक्वेन्सिंगने शोध, असे मला सांगण्यात आले. मी वाचायला घेतले तेव्हा काही शोधनिबंधांत एल-वनच्या टोकावर प्रायमर (पीसीआरची सुरुवात करून देणारा डीएनएचा लहान तुकडा) ठेवून नवी लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेला डीएनए-तुकड्यांचा संच) केलेली दिसली, तर काहींत साध्या पॅनेलचाच डेटा पुन्हा तपासलेला दिसला. हातात असलेला डेटा पुरेल की नवीन लायब्ररी करावी लागेल, हेच मला ठरवता येत नाही. आमच्याकडे पीसीआर यंत्र आणि जेल आहे. सिक्वेन्सिंग बाहेर पाठवावे लागते आणि एकाच रनपुरते पैसे आहेत.

आणखी एक गोष्ट. मी पहिल्या मुलाची बीएएम फाइल (जीनोमवर जुळवलेल्या रीड्सची, म्हणजे यंत्राने वाचलेल्या लहान तुकड्यांची फाइल) आयजीव्ही या दर्शक प्रोग्रॅममध्ये उघडली, तेव्हा फॅक्टर आठच्या जनुकाच्या एक्सॉन १४ मध्ये (एक्सॉन म्हणजे जनुकाचे अंतिम संदेशात राहणारे भाग, त्यांच्यामधले गळणारे भाग ते इंट्रॉन) एका ठिकाणी काही रीड्सच्या टोकांना रंगीत झालर, म्हणजे तिथल्या जीनोमशी न जुळणारी अक्षरे, लागलेली दिसली. ती अर्थपूर्ण आहे का, हे कसे ओळखावे?

अमळनेरकर

ताई, ‘लक्ष्यित सिक्वेन्सिंग’ या एकाच नावाखाली दोन उलट दिशांची कामे चालतात, म्हणून हा गोंधळ होतो. पहिल्या प्रकारात आपण जागा धरतो आणि तिथे कोणी पाहुणा आला आहे का ते पाहतो. दुसऱ्या प्रकारात आपण पाहुण्यालाच धरतो आणि तो जीनोममध्ये कुठे कुठे उतरला आहे ते पाहतो. आपला प्रश्न एका जनुकाचा आहे, म्हणून आपले काम पहिल्या प्रकारचे आहे आणि त्याची सुरुवात हातातल्या डेटावरच करायला हवी. नव्या लायब्ररीचे पैसे आत्ताच खर्च करू नका.

दुसरा प्रकार आपल्या प्रबंधात लिहावा लागेलच, म्हणून त्याचे मर्म सांगतो. एल-वन पूर्ण लांबीला ६ किलोबेसच्या (६,००० अक्षरांच्या) आसपास असते, पण जीनोममध्ये नकल बसताना ती शेपटीकडून लिहिली जाते आणि बहुतेक वेळा मध्येच थांबते, त्यामुळे डोके तुटलेल्या प्रतीच जास्त असतात. म्हणून प्रायमर नेहमी शेपटीच्या बाजूला ठेवतात. पाच लाख प्रतींतून तरुण प्रती वेगळ्या काढण्यासाठी एका लहानशा खुणेचा आधार घेतला जातो: सध्या सक्रिय असलेल्या टीए उपगटात शेपटीच्या भागात एका ठिकाणी एसीए ही तीन अक्षरे असतात, जुन्या प्रतींत तिथे वेगळी अक्षरे असतात. प्रायमरचे शेवटचे टोक त्या अक्षरांवर बसवले की जुन्या प्रती बऱ्याच प्रमाणात गळतात. दुसऱ्या बाजूला जीनोमचे तुकडे करून त्यांना व्हेक्टोरेट नावाचा जोड लावतात. या जोडाचा मधला भाग मुद्दाम न जुळणारा ठेवलेला असतो, त्यामुळे एल-वनकडून आधी एक धागा तयार झाल्याशिवाय त्याचा प्रायमर कुठेच बसत नाही. यातून एल-वनची शेपटी आणि तिला लागून असलेला शेजार एवढेच वाढते, आणि तेवढेच सिक्वेन्स होते. ही पद्धत सुंदर आहे, पण तीन मुलांच्या एका जनुकासाठी ती म्हणजे एका बैलासाठी अख्खा बाजार पालथा घालणे झाले. शिवाय शिरलेला घटक एल-वनऐवजी अलू असेल, तर ती काहीच दाखवणार नाही.

आता आपल्या डेटाकडे. आधी प्रयोगशाळेकडून पॅनेल कोणत्या रसायनाचे आहे ते विचारा. प्रोबने (हव्या जागेला चिकटणाऱ्या डीएनएच्या गळाने) पकडलेले पॅनेल असेल, तर आशा आहे. अशा पॅनेलमध्ये पुनरावृत्त भाग दाबण्यासाठी कॉट-वन डीएनए घालतात आणि म्हणून एल-वनचा तुकडा हाती लागणारच नाही असे अनेकांना वाटते. पण ज्या तुकड्याचा अर्धा भाग एक्सॉनचा आणि अर्धा पाहुण्याचा आहे, तो एक्सॉनच्या बाजूने पकडला जातोच. याउलट ॲम्प्लिकॉन पॅनेल असेल, म्हणजे हवा तो भाग दोन प्रायमरमध्ये धरून पीसीआरने वाढवलेला असेल, तर दोन प्रायमरमध्ये काही किलोबेस घुसल्यावर तो ॲम्प्लिकॉन वाढतच नाही. मुलांमध्ये एक्स गुणसूत्र एकच असल्याने तिथे कव्हरेज (त्या जागेवरून जाणाऱ्या रीड्सची संख्या) थेट शून्यावर जाते आणि अहवालात ते ‘डिलीशन’ (तुकडा गळणे) किंवा नुसते ‘रन अयशस्वी’ म्हणून नोंदले जाते.

झालर खरी आहे की नाही, हे चार गोष्टींवरून कळते, आणि त्या चारही एकत्र दिसल्या पाहिजेत. एल-वनचे एन्झाइम डीएनएचा एक धागा टीटीटीटी-एए अशासारख्या ठिकाणी कापते आणि दुसरा धागा थोडे अंतर सोडून कापला जातो. पोकळी भरताना मधली ७ ते २० अक्षरे दोन्ही बाजूंना लिहिली जातात. म्हणून खऱ्या शिरकावात डावीकडून येणारे रीड्स आणि उजवीकडून येणारे रीड्स एकाच अक्षरावर तुटत नाहीत, तर तेवढ्या लहानशा पट्टीत एकमेकांवर चढतात, आणि त्या पट्टीत कव्हरेजचा छोटा उंचवटा दिसतो. एका बाजूच्या झालरीत एएएए अशी, किंवा घटक उलट दिशेने बसला असेल तर टीटीटीटी अशी ओळ दिसायला हवी. दुसऱ्या बाजूच्या झालरीतली अक्षरे एल-वन, अलू किंवा एसव्हीए या तिसऱ्या चल घटकाच्या अनुक्रमाशी जुळली पाहिजेत. आणि चौथी गोष्ट आपल्या नमुन्यांसाठी सर्वांत कामाची आहे: मुलाकडे एक्स एकच असल्याने शिरकाव खरा असेल, तर त्या जागेवरून एकही रीड सरळ, न तुटता पार होता कामा नये. अर्धे रीड्स सरळ जात असतील, तर बाकीची लक्षणे कितीही मोहक असली तरी सोडून द्या.

एक्सॉन १४ म्हटल्यावर मन ओढ घेते, हे मला मान्य आहे. हेग कझाझियन यांच्या गटाने १९८८ साली हिमोफिलिया एच्या २४० रुग्णांत तपासणी केली तेव्हा दोघांमध्ये एल-वन नव्याने शिरलेले सापडले होते आणि दोन्ही याच एक्सॉनमध्ये होते. मानवात एल-वन आजही उड्या मारते, याचा तो पहिला थेट पुरावा. पण २४० मध्ये २ हे प्रमाणही त्याच निबंधातले आहे, तेही लक्षात ठेवा.

म्हणून डेटा उघडण्याआधी एक प्रश्न: या तिघांची इंट्रॉन २२ च्या उलटापालटीची, म्हणजे तिथून तुटून जनुकाचा मोठा भाग उलट दिशेने बसण्याची, चाचणी झाली आहे का? गंभीर हिमोफिलिया एमध्ये सुमारे ४५ टक्के रुग्णांत हाच दोष असतो. तो जवळपास साडेनऊ किलोबेस लांबीच्या एकसारख्या तुकड्यांमध्ये घडतो, त्यामुळे दीडशे अक्षरांच्या रीड्सना तो दिसतच नाही, आणि पॅनेलचा अहवाल कोरा येतो.

तापीकाठ, जळगाव

सर, अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘इंट्रॉन १ आणि २२ च्या उलटापालटीचा या चाचणीत समावेश नाही’ असे लिहिलेले आज पहिल्यांदा वाचले. पॅनेल प्रोबने पकडण्याचे आहे, असे कळले. झालरीचे रीड्स उद्या मोजते. जेलवर खात्री कशी करायची, तेही सांगावे. दोन्ही बाजूंचे प्रायमर ठेवून मोठा बँड (जेलवर दिसणारा डीएनएचा पट्टा) आला की झाले, असे मी धरून चालले आहे.

अमळनेरकर

तसे धरून चालू नका. मी त्यातच एक महिना घालवला आहे. अलू जेमतेम ३०० अक्षरांचे असते, तिथे दोन बाहेरचे प्रायमर पुरतात: रिकाम्या जागेचा लहान बँड खाली, भरलेल्या जागेचा तीनशे-सव्वातीनशेने मोठा बँड वर, दोन टक्क्यांच्या ॲगारोजवर डोळ्यांनी दिसतो. एल-वनचे तसे नसते. मी एका वाहक महिलेच्या नमुन्यावर बाहेरचे प्रायमर वापरले, एक्स्टेन्शनला (प्रत वाढवण्याच्या टप्प्याला) नेहमीचे एक मिनिट दिले आणि स्वच्छ एकच लहान बँड पाहून ‘शिरकाव नाही’ असे वहीत लिहून टाकले. तिच्या दोन प्रतींपैकी लहान प्रत प्रत्येक चक्रात पुढे पळत होती आणि मोठीला पूर्ण व्हायला वेळच मिळत नव्हता. नंतर एक प्रायमर बाहेर आणि एक एल-वनच्या शेपटीत ठेवला, तेव्हा तोच नमुना पहिल्याच प्रयत्नात बोलला. लांब पीसीआर करायचीच असेल, तर एक्स्टेन्शनची वेळ ६ किलोबेसच्या हिशेबाने धरा आणि यंत्र इन्व्हर्टरवर ठेवा. एप्रिल-मे महिन्यांत सहा तासांच्या रनमध्ये पाचव्या तासाला लाइट जाणे म्हणजे काय, हे खान्देशातल्या माणसाला मी सांगायला नको.

आत-बाहेर अशा जोडीने आलेला बँड सँगर सिक्वेन्सिंगला पाठवा आणि दोन्ही टोके वाचा. दोन्ही बाजूंना तीच ७ ते २० अक्षरे दिसली, तरच शिरकाव म्हणा. पीसीआरमध्ये दोन असंबद्ध तुकडे जोडले जाऊन तयार होणारे खोटे बँड एका बाजूने हुबेहूब दिसतात, पण त्यांना ही दुहेरी खूण नसते.

सातपुडा, शहादा

मी दवाखान्याच्या बाजूने लिहितो. या मुलांचे उपचार पॅनेलच्या निकालावर अडलेले नसतात. फॅक्टर आठची पातळी मोजली की निदान होते. दोष नेमका कळण्याचा उपयोग दोन ठिकाणी होतो. एक म्हणजे दिलेल्या फॅक्टरविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्याचा धोका दोषाच्या प्रकारानुसार बदलतो. दुसरे म्हणजे मुलाची आई, मावशी, बहीण वाहक आहे का, हे खात्रीने सांगायला घरातला दोष माहीत असावा लागतो. त्यामुळे शंका असताना घरच्यांना ‘सापडला’ म्हणून सांगू नये, कारण त्या एका वाक्यावर बहिणीचे लग्न ठरते किंवा मोडते.

मूळ विषयाला धरून मलाही एक विचारायचे होते. आमच्याकडे भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. सिकलसेलचा दोष बीटा ग्लोबिनमधील एका अक्षराचा, जीएजीचे जीटीजी होण्याचा; त्यासाठी या सगळ्याची गरज नाही, हे मला कळते. पण अधूनमधून असा रुग्ण येतो की ज्याच्याकडे सिकलची एकच प्रत सापडते आणि त्रास मात्र दोन प्रती असल्यासारखा असतो. दुसऱ्या प्रतीवर बीटा थॅलेसेमियाचा दोष असावा असे हिमोग्लोबिनच्या चाचणीवरून दिसते, आणि नेहमीच्या तपासणीत तो कधी कधी हाती लागत नाही. तिथे एल-वनचा विचार करावा का?

वरणबट्टी, भुसावळ

डॉक्टरसाहेब, बीटा ग्लोबिनच्या दुसऱ्या इंट्रॉनमध्ये एल-वन शिरून थॅलेसेमिया झाल्याची नोंद आहे, म्हणून विचार करायला हरकत नाही; पण तो यादीत शेवटी ठेवा. आधी मोठी डिलीशन्स तपासावीत. अपेक्षा किती ठेवावी याचा अंदाज यावा म्हणून एक आकडा देतो: ब्रिटनमध्ये विकासदोष असलेल्या मुलांच्या ९,७३८ त्रिकुटांच्या, म्हणजे मूल आणि आई-वडील अशा गटांच्या, एक्झोम (सर्व जनुकांच्या एक्सॉनच्या) डेटामध्ये २०१९ साली चल घटक शोधले गेले, तेव्हा नव्याने आलेले ९ शिरकाव सापडले आणि त्यांतील ४ आजाराला कारणीभूत असावेत असे ठरले. प्रमाण लहान आहे, पण डेटा आधीच हातात असल्याने शोधण्याचा खर्च फक्त संगणकाच्या वेळेचा असतो, आणि त्या चार घरांना उत्तर मिळते.

ताईंसाठी संगणकाची बाजू सांगतो. नेहमीचे व्हेरियंट कॉलर एक-दोन अक्षरांचे बदल आणि लहान भर-घट शोधतात; झालर लागलेला भाग त्यांच्यासाठी कचरा असतो आणि ते तो बाजूला टाकतात. अहवाल कोरा येण्याचे कारण बहुतेक वेळा इथेच असते. पॅनेल आणि एक्झोमसाठी स्क्रॅम्बल हे साधन वापरा: एकाच जागी तुटलेल्या रीड्सचे झुबके ते गोळा करते, त्यांच्या झालरी जोडते आणि एल-वन, अलू व एसव्हीएच्या नमुना-अनुक्रमांशी ताडून पाहते. मेल्ट हे नावाजलेले साधन पूर्ण जीनोमच्या डेटावर जास्त रमते. फास्टक्यू (कच्च्या रीड्सची) फाइल स्वच्छ करताना सलग एकाच अक्षराची शेपटी छाटण्याचा पर्याय कुणी चालू केलेला नाही ना, हे नक्की पाहा, कारण आपण जी एएएए शोधत आहोत तीच तो छाटतो. तसेच जोडीतला दुसरा रीड पाहुण्याच्या आत पडला असेल, तर तो जीनोममध्ये हजारो ठिकाणी सारखाच जुळतो आणि त्याची गुणवत्ता शून्य धरली जाते. गुणवत्तेची चाळणी आधी लावली, तर हा पुरावाही चाळणीतून निसटतो.

एक फसवी जागा लक्षात ठेवा. झालर बरोबर एक्सॉनच्या सीमेवर असेल आणि झालरीतली अक्षरे पुढच्या एक्सॉनची असतील, तर तो शिरकाव आपल्या जनुकात झालेला नसतो. एल-वनची यंत्रणा कधी कधी दुसऱ्याच जनुकाचा आरएनए उलटा लिहून जीनोममध्ये कुठेतरी बसवते, आणि पॅनेलचे प्रोब ती नकलही पकडतात. एसएमएडी-४ या जनुकाच्या चाचणीत अशा नकलीने प्रयोगशाळांना चकवल्याचे माहीत आहे.

सापडलेला शिरकाव निरुपद्रवी वैविध्य आहे का, हे पाहण्यासाठी नोमॅड या मानवी जनुकीय बदलांच्या सार्वजनिक यादीत आणि १००० जीनोम प्रकल्पाच्या २,५०४ जणांत तो आहे का ते बघा. त्या प्रकल्पात दक्षिण आशियातले गुजराती, पंजाबी, बंगाली, तेलुगू आणि तमिळ मूळ असलेले लोक आहेत, मराठी गट नाही, आणि भिल्ल-पावरा समाज तर दूरच. जीनोम इंडिया प्रकल्पाच्या सुमारे १०,००० नमुन्यांनी ही उणीव काही अंशी भरेल. तोवर माझा आग्रह आहे की त्याच पॅनेलवर, त्याच रनमध्ये चाललेले इतर आजारांचे नमुने मागून घ्यावेत. ज्या जागी सगळ्यांच्याच रीड्सना झालर आहे ती जागा यंत्राची खोड असते, आणि ही खोड बाहेरच्या कोणत्याही यादीत सापडत नाही.

पॅनेलच्या प्रोबची हद्द एक्सॉन आणि शेजारच्या थोड्या अक्षरांपुरती असते, तर फॅक्टर आठचे जनुक १८६ किलोबेसचे आहे आणि त्याचा बहुतेक भाग इंट्रॉनचा. खोल इंट्रॉनमध्ये शिरलेला घटक या डेटामध्ये असणारच नाही. त्यासाठी जपून ठेवलेले एका रनचे पैसे नॅनोपोर या लांब रीड देणाऱ्या सिक्वेन्सिंगवर लावावेत. तिथे यंत्र प्रत्येक रेणूची सुरुवातीची काही शे अक्षरे वाचून तो आपल्या हव्या पट्ट्यातला आहे का ते ठरवते आणि नको असलेला रेणू छिद्रातून परत ढकलते. प्रायमर लागत नाहीत आणि लांब रीड ६ किलोबेसचे एल-वन अखंड ओलांडतो. फक्त डीएनए लांब हवा. वारंवार गोठवून वितळवलेला नमुना, त्यातही उन्हाळ्यात बर्फाशिवाय कुरिअरने पुण्याला गेलेला, लांब रीड देत नाही.

तापीकाठ, जळगाव

मोजून पाहिले. एक्सॉन १४ मधल्या त्या जागेवरून ७४ रीड्स जातात. त्यांतले ९ तुटलेले आहेत आणि ६५ सरळ पार होतात. तुटलेले सगळे एकाच अक्षरावर आणि एकाच बाजूने तुटतात. त्याच रनमधले पाच इतर नमुने मार्गदर्शकांनी मिळवून दिले, त्यांतल्या चारांत हीच झालर तिथेच आहे. ती मी सोडून दिली.

स्क्रॅम्बलने तिघांपैकी कोणातही फॅक्टर आठमध्ये काही दाखवले नाही. साधन नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी मी त्याचा बाकीचा निकाल उघडला, तर दुसऱ्या मुलात दुसऱ्याच एका जनुकाच्या इंट्रॉनच्या कडेला अलूचा एक शिरकाव निघाला. दोन्ही बाजूंना तीच १४ अक्षरे आहेत, एका बाजूला टीटीटीटी आहे, आणि अर्धे रीड्स सरळ जातात. पण ते जनुक एक्सवर नसल्याने तसे असणे योग्यच आहे. नोमॅडमध्ये तो नोंदलेला आहे, म्हणजे बहुधा निरुपद्रवी वैविध्य. तो जेलवर घेतला आणि दोन बँड दिसले, वरचा अंदाजे सव्वातीनशे अक्षरांनी मोठा. यापुढे तोच माझा नियंत्रण नमुना असेल.

इंट्रॉन २२ ची चाचणी बाहेरून करून आणली. पहिल्या आणि तिसऱ्या मुलात उलटापालट आहे. दुसऱ्यात २२ ची नाही आणि १ चीही नाही. त्याचे सर्व २६ एक्सॉन मी जेलवर पाहिले. प्रत्येक बँड आपापल्या मापाचा आला. त्याच्या ताज्या रक्तासाठी सोमवारी पालकांना बोलावले आहे, आणि एका रनचे पैसे त्याच्यासाठी ठेवले आहेत.

अमळनेरकर

रक्त ईडीटीएच्या नळीत घ्या आणि डीएनए त्याच दिवशी काढा. लांब डीएनए तुटू नये म्हणून काढताना व्होर्टेक्स करू नका (नळी यंत्रावर घुसळू नका), पिपेटचे टोक कापून रुंद करा.